दस्त्यातली हवा

बंदुकांचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक पोलादाच्या बाजूचे असतात. नळीत आटे कुणी पाडले, स्प्रिंग कुणी बसवली, पेटंट कोणत्या साली निघालं, याच्या नोंदी पानंच्या पानं सापडतात. हे सगळं यंत्र ज्या लाकडावर बसवलेलं असतं त्या दस्त्याच्या वाट्याला मात्र 'अक्रोडाचा दस्ता' किंवा 'बीचचा दस्ता' एवढे दोनच शब्द येतात. याला कारणही आहे. पोलादावर कारखान्याचा शिक्का असतो, क्रमांक असतो. लाकडावर सहसा काही नसतं. दस्ता फुटतो, त्याला वाळवी लागते, नातवाच्या हाती आला की तो नवा बसवून घेतो. दीडशे वर्षांची म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेल्या बंदुकीचं लाकूड पन्नास वर्षांचंही असू शकतं.

गेली काही वर्षं मी हवेवर चालणाऱ्या बंदुकांविषयी मिळेल ते वाचतो आहे. आपल्याकडे जिला छर्ऱ्याची बंदूक म्हणतात ती यातलीच: नळी मधोमध मोडायची, खाली ओढायची, आतली स्प्रिंग दाबली गेली की उघड्या तोंडात छर्रा बसवायचा आणि नळी परत सरळ करायची. या वाचनातून माझं एक मत बनलं आहे. या मोडत्या नळीच्या बंदुकीची खरी कहाणी पोलादात नसून लाकडात आहे. तिचा नेम स्प्रिंगच्या जोरापेक्षा तोलावर ठरतो, आणि तोल ठरवतो दस्ता. हा तोलाचा प्रश्न मुळात निर्माण कसा झाला, हे पाहायचं तर सुमारे अडीचशे वर्षं मागे जावं लागतं.

१७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने एक विलक्षण बंदूक स्वीकारली. ती तयार करणारा बार्थोलोमेउस गिरांदोनी टायरॉलमधला, कोर्तिना दाम्पेत्सो या डोंगराळ गावचा. त्याच्या बंदुकीत दारू नव्हती, ठिणगी नव्हती, धूर नव्हता. वीसएक गोळ्या नळीच्या बाजूच्या कोठीत रांगेनं बसत आणि एकामागून एक उडत. आणि हवा कुठे होती? दस्त्यात. किंवा नेमकं बोलायचं तर दस्ता नव्हताच. खांद्याला टेकवायचा तो भाग म्हणजे लोखंडी पत्र्याची, चामडं मढवलेली, निमुळती टाकी. पंपाचे सुमारे दीड हजार हात मारले की ती भरे आणि तीसएक गोळ्यांना पुरे. रिकामी झाली की फिरवून काढायची आणि दुसरी लावायची. सैनिकाजवळ जादा टाक्या दिलेल्या असत.

तोलाच्या दृष्टीने या बंदुकीकडे पाहिलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. शक्तीचं सगळं भांडार मागे, खांद्यापाशी आहे. पुढे आहे ती नळी, गोळ्यांची कोठी आणि थोडं लाकूड. डावा हात जिथे येतो तिथे जडपणा नाही. १८०३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडचा मुलूख धुंडाळायला निघालेल्या मेरीवेदर लुईसनं एक हवाई बंदूक बरोबर नेली होती. ती गिरांदोनीच्याच घडणीची होती, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. प्रवासाच्या अगदी सुरुवातीला, ऑगस्टच्या अखेरीस, पिट्सबर्गजवळच्या एका बेटावर त्यानं ती लोकांना दाखवली, एका गृहस्थाच्या हाती दिली आणि त्या गृहस्थाच्या हातून ती नकळत उडाली. चाळीसएक यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. बाई वाचली. लुईसच्या रोजनिशीची सुरुवात या प्रसंगानं होते.

युरोपातल्या घरगुती नेमबाजीतही हवा दस्त्यातच राहत होती. जर्मन मुलखात दिवाणखान्यात बारीक तीर उडवण्याच्या बंदुका असत. त्यांच्या दस्त्यात चक्क भाता दडवलेला असे. लोहाराच्या भात्याचं ते छोटं भावंड: चामड्याचं, स्प्रिंगेनं दाबलं जाणारं. दस्त्याच्या कडेच्या भोकात किल्ली घालून फिरवायची, भाता ताणला जाई, चाप ओढला की फुस्सकन मिटे. दस्ता त्यामुळे जाडजूड आणि पोटाळ दिसतो. दिसायला बेढब, पण बंदूक खांद्याला लावली की वजन अंगाजवळ राहतं.

मग भात्याच्या जागी दट्ट्या आला. सायकलच्या पंपात असतो तसा, फक्त त्याला ढकलणारा हात म्हणजे पोलादी स्प्रिंग. अमेरिकेत १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या हॅविलँड आणि गन या जोडीनं या दिशेनं बरंच काम केलं, आणि त्यांच्या कल्पनांवरून जर्मनी-बेल्जियममध्ये 'जेम' नावानं ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त बंदुका निघाल्या. इंग्लंडात त्या ढिगांनी खपल्या. जेमची गंमत अशी की दट्ट्याचं नळकांडं चापाच्या मागे आहे. उजव्या हाताची मूठ जिथे वळते, त्या दस्त्याच्या मानेतच ते तिरपं बसवलेलं असतं. म्हणजे हवा दस्त्याच्या पोटातून निघून मानेपर्यंत आली होती. पण मान मुठीत मावायला हवी, म्हणून नळकांडं लहान. नळकांडं लहान म्हणून जोर कमी.

जोर हवा असेल तर नळकांडं मोठं हवं, आणि मोठं नळकांडं ठेवायला जागा एकच उरते: चापाच्या पुढे. १८९० मध्ये रास्टाट इथे सुरू झालेला मायर आणि ग्रामेलस्पाखर यांचा कारखाना, जो पुढे 'डायाना' या नावानं जगभर पोहोचला, आणि बर्मिंगहॅमचा लिंकन जेफ्रीज, ज्याची १९०४ च्या पेटंटची बंदूक पुढच्याच वर्षापासून बीएसए कंपनीनं बनवायला घेतली, हे सगळे याच वाटेनं गेले. जेफ्रीजनं नळी स्थिर ठेवून खाली वेगळी तरफ दिली. जर्मन कारखान्यांनी नळीलाच तरफ बनवलं. दोन्हींत जड पोलाद मात्र पुढे आलं.

इथे दस्ता पहिल्यांदा रिकामा झाला. तोवर तो बंदुकीचं इंजिन होता. आता नुसतं वजन झाला.

याचा परिणाम समजायला आपल्याकडचा एक जुना अनुभव पुरेसा आहे. बैलगाडी भरणाऱ्याला ओझं किती यापेक्षा ते कुठे ठेवलं याची काळजी जास्त असते. पुढे जास्त झालं तर धुरेवर येतं आणि बैलांच्या खांद्यांना काच पडतो. मागे जास्त झालं तर गाडी उलाळते. बंदुकीत आस म्हणजे नेमबाजाचा डावा तळहात. तिथून पुढचं वजन जास्त झालं की नळी खाली ओढते आणि हात थकतो. मागचं जास्त झालं की नळी हलकी होऊन वाऱ्यावरच्या गवतासारखी हलत राहते. मोडत्या नळीची बंदूक स्वभावानं धुरेवर जड. नळी तरफ असल्यामुळे ती फार आखूड करता येत नाही, कारण आखूड तरफेनं स्प्रिंग दबत नाही. दस्त्यानं हे ओझं मागे खेचून धरायचं.

सुरुवातीच्या कारागिरांनी याकडे फारसं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी जर्मन बंदुकांना आणि बीएसएच्या नेहमीच्या बंदुकांना लाकूड फक्त मागे आहे. पुढे काही नाही; डाव्या हातानं थेट पोलादी नळकांडं धरायचं. बर्मिंगहॅमच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये त्या काळी घंटेच्या नेमबाजीचं वेड होतं. सहा-सात यार्डांवर लोखंडी पत्रा, त्यात जेमतेम छर्ऱ्याहून मोठं भोक आणि मागे घंटा. नेम लागला की घंटा वाजे. हे नेमबाज उभे राहून, नळकांड्याला हाताचा जुजबी आधार देऊन मारत आणि घंटा वाजवत. थोड्या अंतरावर, बेताच्या स्प्रिंगेवर, हे चालून गेलं.

पुढे लाकूड द्यायचं ठरलं तेव्हा एक अडचण उभी राहिली. ती या बंदुकीच्या रचनेतच आहे. नळी खाली मोडते तेव्हा तिला जोडलेला पोलादी दुवा दट्ट्याला मागे ढकलत जातो, आणि जाताना खाली झुकतो. त्याला झुकायला जागा हवी. म्हणून पुढच्या दस्त्याला खालून लांबलचक खाच पाडावी लागते. ज्या जागी भरीव लाकूड हवं, नेमकं तिथूनच ते कोरून काढायचं! उरतात त्या दोन बाजूंच्या पातळ भिंती, आणि त्यांतूनच आरपार जाणाऱ्या दोन स्क्रूंवर अख्खं यंत्र लाकडाला धरून राहतं. हे स्क्रू प्रत्येक बारागणिक हादरतात आणि ढिले होतात. ज्यानं कधी अशी बंदूक वापरली असेल त्याला ठाऊक असेल: कालपर्यंत मध्यावर लागणारा छर्रा आज दोन बोटं डावीकडे का जातो, याचं उत्तर पुष्कळदा स्क्रूच्या अर्ध्या पिळात सापडतं. पुढे काही कारखान्यांनी दुवा दोन तुकड्यांचा, मध्ये सांधा असलेला केला. तो नळकांड्याला चिकटून सरकतो, कमी झुकतो, म्हणून खाच आखूड झाली आणि पुढचा दस्ता भरीव राहू लागला. बातमीत येण्यासारखा हा शोध नाही. पण माझ्या मते मोठ्या स्प्रिंगेपेक्षा यानं जास्त छर्रे नेमावर पोहोचवले.

कारण या बंदुकीचा धक्का विचित्र असतो. दारूच्या बंदुकीत गोळी पुढे, बंदूक मागे, एकच ढकल. इथे पाव किलोच्या आसपासचा दट्ट्या आधी पुढे झेपावतो, तेव्हा बंदूक काही मिलिमीटर मागे येते. मग दट्ट्या नळकांड्याच्या टोकाशी हवेच्या उशीवर आदळतो आणि बंदूक पुढे हिसकते. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतं, आणि बहुतेक हालचाल छर्रा नळीत असतानाच होते. म्हणजे छर्रा बाहेर पडताना नळी कुठे बघत असेल, हे बंदूक हातात कशी सरकली यावर ठरतं. घट्ट आवळून धरली तर रोजची पकड थोडी वेगळी, म्हणून रोजचा नेम वेगळा. म्हणून जाणते सांगतात, तळहात उघडा ठेवा, बंदुकीला त्यावर नुसती निजू द्या आणि तिला हवी तशी सरकू द्या. हे जमतं फक्त तोल बरोबर असेल तर. पुढजड बंदूक उघड्या तळहातावर निजत नाही, ती आवळावी लागते. आणि तिथे सगळं बिघडतं.

जत्रेत फुग्यांच्या फळीसमोर ठेवलेल्या बंदुका मी याच नजरेनं पाहत आलो आहे. त्यांच्या दस्त्याची मान बहुधा फुटलेली असते. नळी मोडताना दस्ता पोटाशी किंवा मांडीशी रोवून जोर लावायचा, आणि तो सगळा जोर लाकडाच्या सर्वांत बारीक जागी येतो. लाकडाचे तंतू मानेच्या लांबीनं न जाता तिरपे गेले असतील तर ती फुटणारच. कुठलाही जुना सुतार हे सांगेल. मग तिथे पत्रा ठोकतात, तार गुंडाळतात. एका बंदुकीला तर मागचा दस्ताच साध्या फळीतून कापून बसवलेला पाहिला. मूळच्यापेक्षा तो बराच हलका होता, आणि तिच्यावर फुगा फोडणारा माणूस रांगेत अर्धा तास दिसला नाही. दोष सगळे माशीला देत होते.

तोलाचा सर्वांत कसून विचार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीत. विजेत्या राष्ट्रांनी शस्त्रनिर्मितीवर बंदी घातली होती. थुरिंगियामधलं त्सेला-मेलिस हे बंदूक-कारागिरांचं गाव रशियाच्या वाट्याला गेलं. तिथला वायराउख कारखाना बव्हेरियात मेलरिखश्टाट इथे आला, वाल्थर उल्मला. दारूच्या बंदुका बनवायला मनाई, हवेच्या बंदुकांना लवकर मोकळीक मिळाली. १९५१ मध्ये जर्मन नेमबाज संघ फ्रँकफुर्टमध्ये पुन्हा उभा राहिला आणि गावोगावच्या नेमबाज मंडळांनी दहा मीटरवर हवाई बंदुकीचा सराव धरला. ज्या खेळाला आज आपण ऑलिंपिकमध्ये ओळखतो त्याची पाळंमुळं या सक्तीत आहेत. वाल्थरची एलजी ५५ आणि वायराउखची एचडब्ल्यू ५५ या दोन मोडत्या नळीच्या बंदुका या काळाच्या.

या बंदुकांचे दस्ते पाहण्यासारखे आहेत. पुढचा दस्ता खोल, जाड, कारण उभ्यानं मारताना नेमबाज डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवतो आणि हात चापाजवळ येतो. २००० साली सिडनीत अंजली भागवत अंतिम फेरीत पोहोचल्या तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलेली ती कंबरेतून मागे झुकलेली मुद्रा आठवून पाहावी. त्यांची बंदूक वेगळ्या, पुढच्या पिढीची, पण मुद्रेतलं तत्त्व हेच. नळीवर जादा वजनाचं आवरण चढवायची सोय होती. इथे कुणी विचारेल, पुढजडपणा वाईट म्हणता आणि पुढे वजन चढवता? उत्तर असं की स्थिर उभ्या माणसाला दोन्ही टोकांना वजन असलेली बंदूक हवी. लांब काठीच्या दोन्ही टोकांना घागरी बांधल्या तर ती सहजी डुलत नाही. त्याच घागरी मधोमध बांधल्या तर वजन तेवढंच, पण काठी चटकन फिरते. तोलबिंदू दोन्हींत एकच. म्हणून नळीवर वजन चढवायचं तर मागेही तेवढं लाकूड हवं, आणि ते दिलं टायरोलियन दस्त्यानं. गाल आत बसेल अशी खोलगट वाटी असलेला हा भारदस्त दस्ता गिरांदोनीच्याच मुलखाचं नाव मिरवतो. योगायोगच, पण मला तो आवडतो.

स्पर्धेतून मात्र मोडती नळी लवकरच मागे पडली. डायानानं १९६० च्या सुमारास एकमेकांविरुद्ध धावणारे दोन दट्टे बसवून धक्का मारून टाकला, ती बंदूक मोडत्या नळीचीच होती. पण फाइनवेर्कबाउनं १९६१ मध्ये वेगळीच युक्ती काढली. दस्ता स्थिर ठेवायचा आणि यंत्रच त्यावर रुळांवरून मागे सरकू द्यायचं. धक्का लाकडापर्यंत पोहोचतच नाही. दस्ता आणि पोलाद यांचा असा रीतसर घटस्फोट झाल्यावर मोडत्या नळीला तिथे काही काम उरलं नाही.

ती उरली शेतात, अंगणात आणि शिकारी हौसेच्या लोकांत. आणि तिथे १९७० नंतर जोराची चढाओढ लागली. याच चढाओढीत दस्त्याच्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत बोलका प्रसंग घडला. रॉबर्ट बीमन हे कॅलिफोर्नियातले जीवशास्त्राचे प्राध्यापक. पत्नी तोशिको यांच्यासोबत त्यांनी जर्मन हवाई बंदुका अमेरिकेत विकायचा धंदा काढला. वायराउखच्या जुन्या एचडब्ल्यू ३५ पेक्षा जोरदार बंदूक त्यांना हवी होती, आणि त्यातून सेकंदाला हजार फुटांच्या जवळपास छर्रा फेकणारी आर१ निघाली. तीच बंदूक वायराउखनं एचडब्ल्यू ८० या नावानं युरोपात विकली. पोलाद जवळजवळ एकच. फरक लाकडाचा: एचडब्ल्यू ८० चा पुढचा दस्ता आखूड, नळीच्या सांध्याच्या मागेच थांबणारा, आर१ चा लांब, सांध्यापर्यंत पुढे गेलेला.

बाजारात एचडब्ल्यू ८० आधी आली. म्हणून आर१ ही तिची अमेरिकी नक्कल, असं पुष्कळांनी धरून ठेवलं. बीमन यांचं म्हणणं उलट होतं: आराखडा आर१ चा आधी, पण तिचा लांब दस्ता तयार व्हायला वेळ लागला, आणि तोवर कारखान्यानं साध्या दस्त्यावर तीच बंदूक बाजारात आणली. हा वाद नुसता पोलाद पाहून कधीच सुटला नसता. दोन्ही नळकांडी शेजारी ठेवली तर ती जुळ्या भावांसारखी दिसतात. कोण आधी, कोण नंतर, याची साक्ष लाकडात आहे. आणखी एक गोष्ट: लुईसच्या प्रवासातली असावी असं बीमन ज्या गिरांदोनी बंदुकीबद्दल मांडत आले, ती त्यांच्याच संग्रहातली, पुढे त्यांनी ती पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या लष्करी संग्रहालयाला देऊन टाकली. दस्त्यात हवा असलेली बंदूक आणि दस्ता लांबवायला लावलेली बंदूक, दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेल्या.

लांब पुढच्या दस्त्यानं काय साधलं? हात पुढे नेण्याची मुभा दिली. जोरदार स्प्रिंग म्हणजे जड नळकांडं आणि लांब तरफ. तोलबिंदू पुढे सरकतो, आणि त्याच्याखाली हात ठेवायला लाकूडच नसेल तर नेमबाज काय करणार? शिवाय याच काळात दुर्बीण आली. अर्धा किलोचं ओझं नळकांड्याच्या डोक्यावर बसलं. जुन्या उतरत्या दस्त्यांवर गाल टेकवून डोळा दुर्बिणीपर्यंत पोहोचत नाही. मान उंचावावी लागते, गाल हवेत राहतो. म्हणून दस्त्याची पाठ उंच आणि सरळ झाली, आणि धक्क्याची रेषा खांद्याच्या जवळ आल्यानं नळीचं उसळणंही कमी झालं.

लाकूड कोणतं, याला मात्र मी फार महत्त्व देत नाही. बीच आणि अक्रोड यांच्या घनतेत दहाएक टक्क्यांचा फरक. नऊशे ग्रॅमच्या दस्त्यात तो नव्वद ग्रॅम, तोही सगळीकडे पसरलेला. अक्रोड सुंदर दिसतो, एवढं म्हणून थांबावं. फरक पडतो आकारानं आणि जागेनं. समजा ३ किलो ४०० ग्रॅमची बंदूक आहे. तोलबिंदूच्या ३० सेंटिमीटर मागे, दस्त्यात, २०० ग्रॅम शिसं घातलं तर तोल पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास मागे येतो. आणि नळीच्या तोंडाशी, ५५ सेंटिमीटर पुढे, फक्त १०० ग्रॅमची टोपी चढवली की तो दीड सेंटिमीटरहून जास्त पुढे जातो. अर्धं वजन, जवळजवळ तेवढाच परिणाम. आज बाजारातल्या कितीतरी बंदुकांवर ही टोपी असते, कारण दणकट स्प्रिंग दाबताना धरायला ती बरी पडते. आणि त्याच बंदुकांचे दस्ते आतून पोकळ प्लास्टिकचे असतात. पुढे भर, मागे पोकळी. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचांच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही, त्यामुळे नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा येते ती बहुधा अशीच एखादी. छर्रे इकडेतिकडे गेले की तो स्वतःच्या हाताला किंवा डोळ्याला दोष देतो.

माझ्याकडच्या बंदुकीच्या मागच्या रबरी पट्टीचे दोन स्क्रू काढले की लाकडात दोन खोल भोकं दिसतात. कारखान्यानं ती वजन घटवण्यासाठी पाडलेली. खालच्या भोकात मी जुन्या छर्ऱ्यांची पुरचुंडी कापसात घट्ट बसवून ठेवली आहे, वाजू नये म्हणून. वरचं अजून रिकामं आहे. त्यात किती घालायचं, ते दर रविवारी थोडं थोडं ठरतं आहे.